जखमी खेळाडूची किंमत टाइमआउटमध्ये मोजू नका

प्रति,
सन्माननीय सदस्य,
फुटबॉल नियम समिती व खेळ-नियम देखरेख मंडळ,
नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (एनसीएए), इंडियानापोलिस

विषय : दुखापतीसाठी खेळ थांबल्यास संघाचा टाइमआउट कापण्याचा नियम, आणि डोक्याच्या दुखापतींबाबत अर्धवट सोडलेली कामे

सन्माननीय सदस्यहो,

अमेरिकन फुटबॉलमध्ये २०२५ च्या हंगामापासून तुम्ही लागू केलेला एक नियम मला गप्प बसू देत नाही. पुढच्या प्लेसाठी (म्हणजे पुढच्या चालीसाठी) पंचांनी चेंडू जागेवर ठेवला, आणि त्यानंतर जखमी खेळाडूकडे बघायला वैद्यकीय कर्मचारी मैदानात शिरला, तर त्या खेळाडूच्या संघाचा एक टाइमआउट, म्हणजे संघाला घड्याळ थांबवायला मिळणारी मोजकी सवलत, कापला जातो. टाइमआउट उरलेला नसेल तर खेळ लांबवल्याबद्दल पाच यार्डांचा दंड. तुमच्या मजकुरातला तो वैद्यकीय कर्मचारी म्हणजे माझ्यासारखी बाई. कमरेला किट, खिशात कात्री, डोळे मैदानातल्या बावीस मुलांवर. पोरगा दुखावला आहे असे वाटले की धावायचे, एवढेच माझे काम होते. आता धावण्याआधी स्कोअरबोर्डवर टाइमआउट किती उरलेत ते मला दिसते. ते मला दिसायची गरज पडू नये, यासाठी हे पत्र आहे.

मी मूळची सांगलीची. तिथे फिजिओथेरपी शिकले आणि शिकत असल्यापासूनच कबड्डीच्या स्पर्धांना मैदानाच्या कडेला बसून पोरांचे गुडघे, घोटे, खांदे बांधले. लग्नानंतर अमेरिकेत आले, अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केले, परवाना घेतला, आणि आज एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघाबरोबर काम करते. आमचे कॉलेज एनसीएएच्या तीन गटांपैकी शेवटच्या, तिसऱ्या डिव्हिजनमधले. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, टीव्ही नाही, शनिवारी बाकांवर आईबाप आणि गावातली माणसे. पण नियमांचे पुस्तक आम्हाला तेच लागू आहे, जे अलाबामा, ओहायो स्टेट अशा बलाढ्य विद्यापीठांना आहे.

हे सगळे मी इंग्रजीत तुमच्या कार्यालयाकडे पाठवले आहे. मराठीत उघडपणे लिहिते आहे ते टेक्सास, ओहायो, न्यू जर्सीतल्या मराठी घरांसाठी. या घरांतली मुले आता शाळेच्या संघात हेल्मेट घालून उतरू लागली आहेत. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हातात धरून पळतात, समोरचे अकरा जण त्याला आडवा पाडतात, आणि प्रत्येक प्लेला कुणीतरी कुणावर तरी अंग टाकून आदळतोच. आपले मूल त्यात असताना नियम कोण ठरवते आणि कसे ठरवते, हे त्या आईबापांना माहीत असायला हवे.

आधी तुमची बाजू सांगते, कारण ती खोटी नाही. गेली काही वर्षे आक्रमण करणारे संघ प्लेमागून प्ले इतक्या झपाट्याने घेतात की बचाव करणाऱ्यांना श्वास घ्यायला, माणसे बदलायला सवड मिळत नाही. मग बाकावरून खूण होते आणि ठणठणीत उभा असलेला एखादा खेळाडू अचानक पाय धरून खाली बसतो. खेळ थांबतो, दम घेऊन होतो, आणि तोच खेळाडू एका प्लेनंतर पळत परत येतो. प्रेक्षक हुर्यो उडवतात. खरोखर जखमी झालेल्या मुलालाही तीच हुर्यो ऐकावी लागते, म्हणून मला या सोंगाची तुमच्याइतकीच चीड आहे. ते बंद व्हायला हवे, याबद्दल वाद नाही.

पण तुम्ही रेघ कुठे ओढलीत ते बघा. चेंडू जागेवर ठेवण्याआधी दुखापत दिसली तर फुकट, नंतर दिसली तर दंड. घोटा मुरगळला, खांदा निखळला, तर ही रेघ चालते, कारण तो मुलगा जिथे पडला तिथेच पडून राहतो. कन्कशन, म्हणजे हादरा बसून मेंदूला होणारी इजा, तसे वागत नाही. डोक्याला जबर हादरा बसलेला खेळाडू बहुतेक वेळा उठतो. अंगात सवय असते, रक्तात जोर असतो, शरीर आपोआप उभे राहते आणि आपल्या जागेकडे चालू लागते. गडबड त्यानंतर कळते. तो भलत्याच घोळक्यात जाऊन उभा राहतो. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकतो. खूण बघायला मान वळवत नाही. उजवीकडचा खेळाडू डावीकडे जाऊन ओणवा होतो. प्ले संपल्याबरोबर चाळीस सेकंदांचे घड्याळ सुरू होते, आणि पंच त्यातल्या पहिल्या काही सेकंदांतच चेंडू ठेवून मोकळे होतात. मला जे दिसायचे असते ते त्याच्या पुढच्या सेकंदांत दिसते. म्हणजे सोंग करणाऱ्याला पकडण्यासाठी लावलेल्या सापळ्यात सगळ्यात आधी सापडतो तो मेंदूला मार लागलेला मुलगा.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. २७ सप्टेंबर २०१४ ला मिशिगन आणि मिनेसोटा यांचा सामना साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला. मिशिगनचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) शेन मॉरिस याला जबरदस्त धडक बसली. तो उठला, झोकांड्या खाऊ लागला, पडू नये म्हणून सहकाऱ्याच्या अंगावर रेलला. आणि पुढचा प्ले तो खेळला. बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात, दुसऱ्या क्वार्टरबॅकचे हेल्मेट निघाले म्हणून, त्याला पुन्हा मैदानात धाडले. त्याला कन्कशन झाले असावे हे विद्यापीठाने दोन दिवसांनी, मध्यरात्र उलटून गेल्यावर कबूल केले. पुढच्या हंगामापासून बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने (कॉन्फरन्सने) रिप्लेच्या, म्हणजे चित्रफीत पुन्हा बघण्याच्या, खोलीत स्वतंत्र ट्रेनर बसवायला सुरुवात केली, एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सनेही तसाच वैद्यकीय निरीक्षक ठेवला. त्या संध्याकाळची सगळ्यात महत्त्वाची खूण कोणती होती? धडक नव्हे. धडकांमागून धडका होतच असतात. खूण होती ती उठल्यानंतरची झोकांडी. आजच्या नियमात अशा झोकांडीसाठी मैदानात धावणाऱ्या माणसाने संघाला भुर्दंड घातला असा अर्थ निघू शकतो.

माझ्या मैदानावर काय झाले ते सांगते. मुलाचे नाव, कॉलेजचे नाव लिहिणार नाही. बचावातला पोरगा टॅकल करून, म्हणजे समोरच्याला पाडून, उठला, आपल्या जागी गेला, ओणवा झाला, आणि समोर बघायच्या ऐवजी स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत राहिला. मी धावले. चेंडू ठेवून झाला होता. शिट्टी वाजली, टाइमआउट आमच्या खात्यावर गेला. पोराला बाहेर आणून विचारले तर कितवा क्वार्टर चालू आहे ते त्याला सांगता येईना. त्याचे हेल्मेट मी काढून ठेवले, त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. यात वाद घालण्यासारखे काहीच नव्हते, आणि प्रशिक्षकांनीही घातला नाही. पण शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही मागे होतो, घड्याळ थांबवायला टाइमआउट उरला नव्हता, आणि सामना हरलो. कुणी मला बोल लावला नाही. तो लावला त्या पोराने स्वतःलाच. "माझ्यामुळे टाइमआउट गेला," असे तो खोलीत सगळ्यांची माफी मागत म्हणाला. पुढच्या आठवड्यात दुसरा एक खेळाडू डोके दुखत असल्याचे सरावानंतर, घरी जाताना, दबक्या आवाजात सांगून गेला. सरावाच्या वेळी का नाही सांगितलेस, म्हटले तर म्हणाला, "सामन्यातसुद्धा शक्यतो स्वतः चालत बाहेर येणार आहे. संघाला महागात पडायचे नाही."

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना दुखणे सांगायला लावणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड काम आहे. औषधे, पट्ट्या, व्यायाम हे सगळे त्यानंतर येते. गेल्या पंधरा वर्षांत तुम्हीच यासाठी मोहीम चालवलीत. २०१० मध्ये प्रत्येक कॉलेजला कन्कशनची लेखी योजना बंधनकारक केलीत, कन्कशन झालेल्याला त्याच दिवशी परत खेळवायचे नाही असे ठरवलेत. खोल्यांच्या भिंतींवर तुमचीच पत्रके लावली आहेत, लक्षणे लपवू नका म्हणून. आणि आता नियमांच्या पुस्तकात लपवण्याला बक्षीस ठेवले आहे.

"दुखले तर तिथेच पडून राहा, उठू नका," असा सल्ला या नियमाबरोबर सगळीकडे दिला जातो. ज्या अवयवाने हा सल्ला लक्षात ठेवायचा त्यालाच मार लागलेला असतो.

आमच्या कबड्डीत प्रत्येक संघाला टाइमआउट असतात. पण खेळाडू जखमी झाला की पंच स्वतः वेळ थांबवतात, आणि ती वेळ संघाच्या टाइमआउटमध्ये धरत नाहीत. तिथे कुणी सोंग करत नाही असे मुळीच नाही. सांगलीच्या मैदानांवर एकेक नामांकित सोंगे मी पाहिली आहेत. पण ती ओळखायची जबाबदारी पंचांची. संघाचा हिशेब आणि पोराची दुखापत एकाच वहीत लिहीत नाहीत.

सोंग थांबवायचा दुसरा मार्ग तुमच्यासमोर आहे, आणि तो सोपा आहे. ज्याच्यासाठी खेळ थांबला त्याला आणखी काही प्ले, किंवा ते आक्रमण संपेपर्यंत, बाहेर बसवा. ज्याला खरोखर डोक्याला लागले आहे त्याला तर मी तसेही बाहेर ठेवणार आहे, तेव्हा त्याचे यात काही जात नाही. ज्याला पेटके आले तो काही प्ले गमावेल, ते मला चालेल. आणि ज्याने सोंग केले त्याच्या संघाला आपला चांगला खेळाडू ऐन मोक्याला बाकावर ठेवावा लागेल. किंमत सोंग करणाऱ्यावर पडेल, मैदानात धावणाऱ्या ट्रेनरवर नाही.

आता बाकीच्या तक्रारी. सर्वांत मोठी सरावाची. सामन्यातल्या धडका सगळ्यांना दिसतात, कॅमेरे असतात. पण २०२१ मध्ये जामा न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास तुमच्याच पैशातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पाचा आहे, आणि तो काय सांगतो? पहिल्या डिव्हिजनमधल्या सहा संघांचे साडेसहाशेहून अधिक खेळाडू, पाच हंगाम, हेल्मेटमध्ये बसवलेले सेन्सर. नोंदलेल्या कन्कशनपैकी ७२ टक्के सामन्यात नव्हे, सरावात झाली. जवळजवळ निम्मी, ४८.५ टक्के, हंगामपूर्व सरावाच्या आठवड्यांत झाली, आणि ते आठवडे एकूण काळाच्या जेमतेम एक पंचमांश. हा अभ्यास बाहेर आला त्याच वर्षी पहिल्या डिव्हिजनने हंगामपूर्व सरावात पूर्ण पोशाखाची सत्रे नऊवर आणली, एका सत्रात पूर्ण धडकांसाठी ७५ मिनिटांची मर्यादा घातली. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण हंगाम सुरू झाल्यावर? तिथे शिफारशी आहेत. शिफारस ऐकणारा प्रशिक्षक मुळात तिच्या आधीपासूनच काळजी घेत असतो. जो घेत नाही त्याच्यासाठी शिफारस म्हणजे भिंतीवरचे आणखी एक पत्रक.

धडकांशिवाय टॅकल शिकवता येत नाही, हे मला अनेक प्रशिक्षक सांगतात. त्यांना मी डार्टमथ विद्यापीठ दाखवते. तिथले प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये आपल्या खेळाडूंना एकमेकांना टॅकल करायला सरावात बंदीच घातली. पाडायला गाद्या, पुतळे, आणि पुढे त्यांच्याच विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी बनवलेला पळता यंत्रपुतळा. संघ दुबळा पडेल म्हणून सगळे हसले. डार्टमथने पुढे आयव्ही लीग या आठ विद्यापीठांच्या गटाची विजेतेपदे मिळवली. २०१६ मध्ये लीगच्या सर्व आठ प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावातून पूर्ण टॅकलिंग काढून टाकण्याच्या बाजूने एकमुखाने मत दिले. टीव्हन्स २०२३ मध्ये गेले. त्यांनी जे सिद्ध करून ठेवले ते तुमच्या नियमांच्या पुस्तकात यायला अजून कशाची वाट बघायची आहे?

त्याच आयव्ही लीगने किकऑफचाही प्रश्न सोडवून दाखवला. किकऑफला, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करताना, दोन्हीकडची माणसे लांबून धावत येऊन आदळतात. २०१५ मध्ये या लीगच्या एकूण प्लेंपैकी किकऑफ होते ६ टक्के, पण कन्कशन होती २१ टक्के. त्यांनी किक पाच यार्ड पुढून घ्यायला लावली, टचबॅकची, म्हणजे चेंडू पळत परत न आणल्यास तो मिळण्याची, जागा पाच यार्ड मागे आणली. दर हजार किकऑफमागे जवळजवळ ११ कन्कशन होत होती, ती २ वर आली. पाच यार्डांचा फरक, खर्च शून्य. तुम्ही २०१८ मध्ये फेअर कॅचची, म्हणजे चेंडू नुसता झेलून धडक टाळायची, सवलत दिलीत, तेही चांगले केलेत. व्यावसायिक लीग एनएफएलने तर २०२४ पासून किकऑफची सगळी मांडणीच बदलली. तुमच्याकडे चर्चा चालू आहे असे दर वर्षी कळते.

टार्गेटिंगबद्दल माझे म्हणणे थोडक्यात. डोक्यावर वार करणाऱ्याला २०१३ पासून सामन्याबाहेर काढतात. शिक्षा फार कडक आहे, दोन पायऱ्या करा, सौम्य करा, असा आग्रह प्रशिक्षकांकडून वरचेवर होतो. रिप्लेतून चुकीचा निर्णय फिरवायची सोय तुम्ही केली आहे, आणि ती हवीच. पण शिक्षेची धार कमी करू नका. टॅकल करणाऱ्याने मान खाली घालून डोके पुढे करायचे नाही, हा नियम १९७६ चा. त्या वर्षी शाळा-कॉलेज मिळून मानेच्या दुखापतीने ३४ जण कायमचे लुळे झाले होते. १९८४ मध्ये ही संख्या ५ वर आली होती. त्या नियमाने खेळ मेला नाही. कितीतरी मुले मात्र स्वतःच्या पायांवर चालत पदवी घ्यायला गेली.

आणि हंगामाची लांबी. २०२३ मध्ये पहिल्या डाउननंतर, म्हणजे दहा यार्ड गाठून नवे प्रयत्न मिळाल्यावर, घड्याळ चालू ठेवायचा नियम आणताना प्ले कमी होतील, अंगावरच्या धडका कमी होतील, असे सांगितले गेले. मला ते पटले. दुसऱ्याच वर्षी हंगामाअखेरच्या बाद फेरीत (प्लेऑफमध्ये) चाराचे बारा संघ झाले आणि विजेत्या ओहायो स्टेटला १६ सामने खेळावे लागले. प्लेऑफ तुमच्या अखत्यारीत नाही, तो कॉन्फरन्सेस चालवतात, हे मला ठाऊक आहे. पण एका हाताने प्ले कमी करायचे आणि दुसऱ्या हाताने सामने वाढवायचे, हे होत असताना खेळाडूंच्या सुरक्षेच्या नावाने बोलणारे तुम्ही एकटेच अधिकृत मंडळ आहात. तुम्ही उघडपणे काही बोललेले माझ्या वाचनात आले नाही.

मेंदूच्या दीर्घ आजाराबद्दल मी घाबरवणारे काही लिहिणार नाही. बॉस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये तपासलेल्या कॉलेज खेळाडूंच्या ५३ मेंदूंपैकी ४८ मध्ये सीटीई, म्हणजे वारंवार मार बसून मेंदू झिजवणारा आजार, सापडला, हे खरे. पण ते मेंदू दान केलेले होते, आणि ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती असे त्यात बरेच. त्यावरून दर दहा खेळाडूंतल्या नऊ जणांना हा आजार होतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. मी एवढेच म्हणते की टाळता येणारी प्रत्येक धडक टाळावी, एवढी शंका घ्यायला हा आकडा पुरेसा आहे.

नियम बदलले की खेळ बायकी होतो, असे मला बाकांवरून ऐकू येते. १९०५ मध्येही हेच म्हणत होते. त्या हंगामात वर्तमानपत्रांनी १८-१९ मृत्यू मोजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, ठरावीक प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा नियम आला, आणि ज्या संघटनेला आज एनसीएए म्हणतात ती स्थापन झाली. तुमची संस्था जन्मली तीच या कामासाठी.

माझ्या मागण्या अशा आहेत.

टाइमआउट कापण्याचा नियम मागे घ्या. तो पूर्ण मागे घेणे जमत नसेल तर डोक्याच्या, मानेच्या किंवा उष्माघाताच्या संशयावरून ट्रेनर, डॉक्टर वा निरीक्षकाने खेळ थांबवला असता टाइमआउट किंवा यार्ड कापले जाणार नाहीत, हे नियमाच्या मजकुरातच स्पष्ट लिहा. पंचांच्या समजुतीवर सोडू नका.

सोंगासाठी त्या खेळाडूला जास्त प्ले बाहेर बसवा, आणि सामन्यानंतर चित्रफीत बघून प्रशिक्षकाला जबाबदार धरा. खूण बाकावरूनच होत असते.

हंगामातल्या सरावातील पूर्ण धडकांवर तिन्ही डिव्हिजनमध्ये बंधनकारक मर्यादा घाला.

वरून मैदान बघणारा वैद्यकीय निरीक्षक प्रत्येक सामन्याला हवा. मोठ्या कॉन्फरन्सेसना तो परवडतो. आमच्यासारख्यांना परवडत नाही, म्हणून त्याचा खर्च संघटनेने उचलावा. २०२६ पासून प्लेऑफच्या प्रक्षेपणाचे वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलर येणार आहेत. ते तुमच्या तिजोरीत येत नसले तरी ज्यांच्याकडे येतात ती सगळी तुमचीच सदस्य विद्यापीठे आहेत.

नियम समितीत मुख्यतः प्रशिक्षक आणि क्रीडा-प्रशासक बसतात. तिथे प्रत्यक्ष मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्या ट्रेनरना आणि डॉक्टरांना सल्ल्याचा नव्हे, मताचा अधिकार द्या. दुखापतीसाठी खेळ थांबवण्याचा कोणताही नियम त्यांच्या संमतीशिवाय पुढे जाऊ नये.

खेळाडूंच्या सुरक्षेचा बदल तुम्हाला कोणत्याही वर्षी करता येतो, त्यासाठी ठरलेल्या फेरीची वाट बघावी लागत नाही. तुमची बैठक हिवाळ्याच्या अखेरीस भरते. टाइमआउटचा विषय त्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि या पत्राला ऑगस्टमधला सराव सुरू होण्याआधी लेखी उत्तर द्यावे. समितीपुढे येऊन बोलायला बोलावलेत तर मी येईन, आणि माझ्याबरोबर यायला तयार असलेले इतर कॉलेजांचे ट्रेनरही आहेत. तोवर माझ्या मैदानावर मला शंका आली की मी धावणार आहे, टाइमआउट उरला असो वा नसो.

आपली,
एका छोट्या कॉलेजची अ‍ॅथलेटिक ट्रेनर